अकरा प्राणी, बारा चौकोन: गोधडीच्या कामाच्या नोंदी

४ जानेवारी – आराखडा

टोकाला टोक जुळवायच्या बारीक तुकड्यांच्या दोन कामांच्या मधल्या वेळात हात मोकळा व्हावा, म्हणून ही गोधडी घेतली आहे. त्यावरून पहिला निर्णय ठरला: प्राणी मोकळे, चौकट काटेकोर. एखादा कान लांबला किंवा पोट एका बाजूला कललं तर प्राणी उलट जास्त गोड दिसतो. पण चौकोन पाव इंचाने लहान निघाला तर सबंध रांग ओढली जाते, आणि जिथे गंमत करायची तिथे उसवत बसावं लागतं. म्हणून सगळी मापं आजच पक्की केली. पुढच्या प्रत्येक बैठकीत डोक्यात एकच प्राणी असावा.

चौकोन शिवून तयार झाल्यावर १२ इंचांचा. आडवे ३, उभे ४. चौकोनांच्या मध्ये आणि बाहेरच्या कडेलाही २ इंच तयार रुंदीची पट्टी, पट्ट्या जिथे भेटतात तिथे वेगळ्या रंगाचा छोटा चौकोन. रुंदी ३ × १२ + ४ × २ = ४४ इंच, लांबी ४ × १२ + ५ × २ = ५८ इंच. त्याभोवती ३ इंचांची बॉर्डर धरली की ५० × ६४ इंच. यापेक्षा मोठी गोधडी घरगुती मशीनच्या गळ्यातून फिरवताना खांदे भरून येतात, आणि हे काम विरंगुळ्याचं आहे.

प्राणी अकरा: हत्ती, पाणघोडा, कासव, खवले मांजर, मगर, घुबड, मांजर, साळिंदर, खेकडा, गोगलगाय आणि जिराफ. जिराफाला उभे दोन चौकोन दिले आहेत, म्हणजे बारा भरले.

प्रत्येक प्राण्यात एकच करामत: एकतर काहीतरी हलेल, किंवा हाताला वेगळं लागेल, किंवा प्राणी आपली चौकट ओलांडेल. एका चौकोनात दोन करामती घातल्या की नजर कुठेच ठरत नाही, शिवाय जाडी वाढून मशीन अडतं.

५ जानेवारी – कापड आणि सामान

सगळं सुती, मध्यम विणीचं, ४४ इंच पन्ह्याचं. किनार काढून ४२ इंच उपयोगी धरले. धुतल्यावरची घट धरून:

- पार्श्वभूमी, फिकट छटा, चार वेगवेगळ्या मिळून: १.६ मीटर
- मधल्या पट्ट्या: ८० सेंमी
- सांध्याचे छोटे चौकोन: १५ सेंमी
- बॉर्डर: ६० सेंमी
- गोट (कडा झाकणारी पट्टी): ५० सेंमी
- अस्तर: ३.२ मीटर
- सुती किंवा सुती-पॉलिएस्टर मिश्र बॅटिंग (वरचं कापड आणि अस्तर यांच्या मधला मऊ थर): ५८ × ७२ इंच
- इस्त्रीने चिकटणारी, कागद लावलेली जाळी: सुमारे २.५ मीटर, ४५ सेंमी पन्हा
- प्राण्यांसाठी उरलेले तुकडे, खवल्यांसाठी कृत्रिम धाग्याचं फेल्ट

फेल्ट लोकरीचं घेऊ नये. ते पहिल्याच धुण्यात आटतं आणि खवले आक्रसून खालचं कापड ओढतात.

जाळी घेताना तिची जाडी बघायची. जाड जाळी शिवणकामाशिवाय नुसती चिकटवण्यासाठी असते. तिच्यावर मशीन चालवलं की सुईला गोंद लागतो, दोरा विरतो, टाके सुटतात. पाकिटावर 'शिवता येते' असं लिहिलेली हलकी जाळीच घ्यायची.

पार्श्वभूमी आणि प्राणी यांच्या गडदपणात फरक हवा. रंग वेगळे असले म्हणजे फरक असतोच असं नाही: मध्यम हिरवं कासव मध्यम निळ्यावर चार हातांवरून दिसेनासं होतं. कापडं शेजारी ठेवून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढला की लगेच कळतं. या तपासणीत राखाडी हत्तीचं कापड पार्श्वभूमीच्या फिकट जांभळ्यात मिसळत होतं, त्यामुळे हत्तीला पिवळसर पार्श्वभूमी दिली.

८ जानेवारी – धुणं आणि कापणी

लाल, गडद निळा आणि काळा वेगळे धुतले. धुतल्यानंतर ओल्या तुकड्यावर पांढरं फडकं दाबून बघितलं. फडक्यावर रंग उतरला तर कापड पुन्हा धुवायचं, आणि तरीही उतरत राहिलं तर या कामातून बाद. फिकट पार्श्वभूमी असलेल्या गोधडीत एक लाल खेकडा शेजारचे चार चौकोन गुलाबी करू शकतो.

वाळल्यावर पार्श्वभूमीच्या कापडाला दोन्ही बाजूंनी खळ देऊन इस्त्री केली. खळीने कापड कडक होतं आणि ठिगळाच्या, म्हणजे वर लावलेल्या प्राण्याच्या, दाट टाक्यांखाली चुणी धरत नाही.

पार्श्वभूमीचे चौकोन १३½ इंचांचे कापले, १२½ चे नाही. ठिगळ लावताना टाक्यांनी कापड आत ओढलं जातं, आणि किती ओढलं जाईल हे प्राण्यावर अवलंबून असतं. प्राणी पूर्ण झाल्यावर इस्त्री करून १२½ ला छाटायचं. त्यात दोन्ही बाजूंची पाव इंच माया, म्हणजे शिवणीत जाणारं कापड, धरलेली आहे. एका पन्ह्यात असे तीन चौकोन बसतात, म्हणजे १३½ इंचांच्या चार पट्ट्या.

मधल्या पट्ट्यांचे ३१ तुकडे, २½ × १२½. एका पन्ह्यात तीन, म्हणून अकरा पट्ट्या. सांध्याचे चौकोन २०, प्रत्येकी २½ इंच. बॉर्डरसाठी ३½ इंच रुंदीच्या सहा पट्ट्या, गोटासाठी २½ इंच रुंदीच्या सात. गोटाला सहा पट्ट्या जेमतेम पुरतात. तिरक्या जोडांमध्ये प्रत्येक ठिकाणी काही इंच जातात, आणि शेवटचा जोड तोकडा पडला की तो नेमका कोपऱ्यात येतो.

११ जानेवारी – पाव इंचाची चाचणी, चित्रं

मशीनवर पाव इंच म्हणजे खरोखर पाव इंच येतो का, हे आधी बघायचं. १½ इंच रुंदीच्या तीन पट्ट्या शेजारी शेजारी शिवून इस्त्री केल्या. एकूण रुंदी ३½ इंच आणि मधली पट्टी नेमकी १ इंच भरायला हवी. कमी भरली तर माया जास्त जाते आहे. दुमडलेल्या कापडाची आणि दोऱ्याची जाडी थोडी जागा खाते, म्हणून टीप पाव इंचाच्या किंचित आतून चालवावी लागते. योग्य जागा सापडल्यावर मशीनच्या पत्र्यावर चिकटपट्टीची कड लावून ठेवली.

चित्रं १० × १० इंचांच्या आतच ठेवली. १२½ इंचांच्या चौकोनात सगळीकडे किमान पाऊण इंच मोकळी जागा राहिली, तर नाक किंवा शेपूट शिवणीत जात नाही.

चित्र काढताना हात सैल सोडायचा. पेन्सिल न उचलता, एका दमात काढलेली पाठ नेहमी जिवंत वाटते. मोजून काढलेली पाठ फळ्यावरच्या आकृतीसारखी दिसते. मात्र दोन गोष्टी कापडाला मानवत नाहीत: पाव इंचाहून बारीक टोकं आणि खोल, अरुंद खाचा. बारीक पाय, मिश्या, शिंगं, नखं हे सगळं भरतकामाला सोडायचं.

जाळीवर चित्र गिरवताना ते उलटं करावं लागतं, कारण जाळी कापडाच्या उलट बाजूला चिकटते. काचेवर कागद उलटा धरून मागून गिरवलं की झालं. एकाच दिशेने बघणाऱ्या प्राण्यांचा कळप नको असेल, तर कोणता डावीकडे आणि कोणता उजवीकडे बघणार हे याच टप्प्यावर ठरवावं. इथे कडेच्या रांगांमधले प्राणी आतल्या बाजूला बघतात. बाहेर बघणारा प्राणी पाहणाऱ्याची नजर गोधडीबाहेर नेतो.

प्रत्येक भागाला क्रमांक. जो भाग दुसऱ्याच्या खाली जातो त्याला त्या कडेला पाव इंच जास्त. नाहीतर इस्त्रीनंतर दोन भागांमधून पार्श्वभूमीची रेघ डोकावते.

१४ जानेवारी – जाळी, इस्त्री, कडेचे टाके

मोठ्या भागांसाठी (हत्तीचं पोट, पाणघोड्याचं डोकं) जाळीचा मधला भाग कापून टाकला आणि फक्त कडेला पाव ते अर्धा इंच रिंगण ठेवलं. असं केलं नाही तर तयार गोधडीत त्या जागी पुठ्ठ्यासारखा कडकपणा येतो. कापलेल्या मधल्या तुकड्यांतून लहान भाग निघाले.

इस्त्री कोरडी, वाफ बंद. दाबून धरायची, उचलायची, पुढे ठेवायची. सरकवली की भाग तिरका होतो. वेळ जाळीच्या पाकिटावर असते तेवढीच द्यायची. जास्त तापवलं की गोंद कापडात मुरून जातो आणि मग कडा चिकटत नाहीत. 'चिकटत नाही म्हणून अजून इस्त्री' हा उपाय उलटा पडतो तो यामुळे.

प्राणी थेट पार्श्वभूमीवर जुळवू नये. बेकिंग पेपरखाली चित्र ठेवून त्यावर सगळे भाग क्रमाने हलके चिकटवले, थंड झाल्यावर अख्खा प्राणी एकसंध सुटून आला. मग तो चौकोनावर ठेवून, थोडा कलता करून, थोडा वर सरकवून बघता येतो. या सरकवण्यातच स्वभाव येतो: घुबड सरळ ठेवलं तर गंभीर दिसतं, किंचित तिरकं ठेवलं तर त्याने नुकतंच काहीतरी ऐकलं आहे असं वाटतं.

कडेला ब्लँकेट टाका, रुंदी २.५ मिमी, लांबी २.५ मिमी. सुई ७५/११, दोरा ५० नंबरचा सुती. सरळ जाणारी टीप पार्श्वभूमीवर, प्राण्याच्या कडेला अगदी लगटून, आणि आडवा दात प्राण्यात. चौकोनाखाली फाडता येणारा कागद ठेवायचा, नाहीतर कितीही खळ असली तरी वळणांवर चुणी येते.

वळणाचा नियम पाठ करावा असा आहे. बाहेर फुगलेल्या वळणावर (पोट, डोकं) सुई पार्श्वभूमीत असताना दाबपाय उचलून कापड फिरवायचं. आत गेलेल्या वळणावर (मान, काख) सुई प्राण्यात असताना. उलटं केलं तर दात एकमेकांवर चढतात किंवा मध्ये फट पडते.

पार्श्वभूमी प्राण्यापेक्षा गडद असेल तर खालचा रंग वर जाणवतो. पांढऱ्या मांजराखाली त्याच आकाराचा, पण कडेने पाव इंच लहान असा दुसरा पांढरा तुकडा ठेवला. जाळी लावून दोन थर झाले तरी जाडी फार वाढत नाही.

१८ जानेवारी – हत्ती आणि पाणघोडा

हत्तीचा कान सुटा, हलणारा. सुमारे ४ इंचांचे दोन तुकडे सुलट बाजू आत ठेवून, खाली पातळ फ्लॅनेलचा एक थर घेऊन, पाव इंचावर शिवले. पुढची कड उघडी ठेवली. वळणांवर दर अर्ध्या इंचाला टीपेपर्यंत, पण टीप न कापता खाचा दिल्या, मग उलटवून इस्त्री. उघडी कड डोक्याच्या तुकड्याखाली अर्धा इंच सारून मगच डोकं चिकटवलं. कानात बॅटिंग भरायचा मोह होतो, पण तसा कान ताठ उभा राहतो. हलायला हवा असेल तर फ्लॅनेल पुरे. कान आतून वेगळ्या, ठिपक्यांच्या कापडाचा केला, कारण तो उचलल्यावर खाली काहीतरी सापडायला हवं.

पाणघोड्याचा जबडा म्हणजे खिसा. खालचा जबडा ६ इंच रुंद, दुहेरी कापडाचा, वरची कड शिवून पक्की केलेली. तिन्ही बाजूंनी तो टाक्यांनी बसवला, आत गुलाबी अस्तर, वरच्या ओठाखाली पांढऱ्या कापडाचे दोन दात अडकवले. खिशाच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांवर दुहेरी टीप हवीच. हात घालताना सगळा ताण तिथेच येतो आणि तिथूनच कापड फाटायला लागतं.

२१ जानेवारी – खवले मांजर आणि मगर

खवले मांजराला सर्वात जास्त वेळ द्यावा लागतो, आणि तो द्यावा. फेल्टचे सुमारे ३० खवले: सव्वा इंच रुंद, दीड इंच लांब, खालचं टोक गोल. तीन छटा घेतल्या, शेपटीकडे गडद, डोक्याकडे फिकट. लावणी शेपटीकडून सुरू करून डोक्याकडे, म्हणजे प्रत्येक पुढची ओळ आधीच्या ओळीची वरची कड झाकते. ओळींमधलं अंतर पाऊण इंच, आणि प्रत्येक ओळ विटांच्या बांधकामासारखी अर्ध्या खवल्याने सरकवलेली. टीप फक्त वरच्या कडेला, कडेपासून १/८ इंचावर. खाली गेली तर दोन खवल्यांमधल्या खाचेतून दिसते. बाकी खवला सुटा राहतो आणि बोट फिरवलं की फडफडतो.

हेच खवले दुमडलेल्या कापडी त्रिकोणांचे करू नयेत. एका त्रिकोणात कापडाचे चार थर असतात. ते एकमेकांवर चढले, वर आणखी ओळी आल्या की सुई मोडते.

तो त्रिकोण मगरीच्या पाठीवर मात्र छान बसतो, कारण तिथे एकच ओळ आहे. २ इंचांचा चौकोन कर्णावर दुमडायचा, पुन्हा निम्मा दुमडायचा. पाया २ इंच, उंची १ इंच, शिवणीत पाव इंच गेल्यावर पाऊण इंच वर दिसतो. एकाच्या घडीत दुसरा अर्धा सारत सात त्रिकोणांत ८ इंचांची पाठ भरली. कच्ची कड पाठीच्या तुकड्याखाली गेली.

२४ जानेवारी – कासव, घुबड, गोगलगाय, खेकडा

कासवाची पाठ षटकोनांची. १ इंच बाजूचे सात कागदी षटकोन, प्रत्येकावर पाव इंच माया ठेवून कापड दुमडून कच्चा धावदोरा घातला. मग सुलट बाजू समोरासमोर धरून बारीक टाक्यांनी कडेला कड जोडली, मध्ये एक आणि भोवती सहा. सुमारे सव्वापाच इंचांची पाठ तयार झाली. खऱ्या कासवाच्या पाठीवर बहुधा तेरा मोठ्या ढाली असतात. इथे सात पुरतात, कारण डोळा आकडा मोजत नाही, रचना ओळखतो. सगळे जोड होईपर्यंत मधला कागद काढू नये. तो लवकर काढला की मधला षटकोन सैल पडून गोल होतो.

घुबडाचे डोळे २ इंचांचे वर्तुळ. पुठ्ठ्याचं वर्तुळ कापून त्यावर २½ इंचांचं कापड, कडेला धावदोरा घालून दोरा ओढायचा, खळ लावून इस्त्री, थंड झाल्यावर दोरा सैल करून पुठ्ठा काढायचा. जाळीने चिकटवलेल्या वर्तुळापेक्षा ही कड कितीतरी गुळगुळीत येते.

गोगलगाईचा शंख उरेब पट्टीचा. सव्वा इंच रुंद पट्टी, ४५ अंशांत कापलेली, तीन घड्या करून. वाफेच्या इस्त्रीने आधीच वळण दिलं, मग बसवली. आतली कड आधी शिवायची आणि बाहेरची नंतर. बाहेरची आधी शिवली तर आतल्या बाजूला चुण्या राहतात आणि त्या जिरवायला जागा उरत नाही. सरळ धाग्यात कापलेली पट्टी इथे अजिबात चालत नाही.

खेकड्याचं अंग आणि दोन नांग्या कापडाच्या, चालायचे आठ पाय साखळी टाक्याचे, सहापदरी दोऱ्याच्या तीन पदरांनी. उजवी नांगी मुद्दाम उघडी ठेवली आहे. तिचं काम रांगा जोडल्यावर.

२७ जानेवारी – डोळे

डोळे सगळ्यात शेवटी आणि सगळ्यांचे एकत्र. काळ्या कागदाचे गोल कापून आधी चौकोनांवर ठेवून बघितले. डोळे चेहऱ्यावर खाली आणि एकमेकांपासून दूर ठेवले की प्राणी पिल्लासारखा दिसतो. वर आणि जवळ ठेवले की वयस्क, जरा तापट. मगरीला दुसरी पद्धत, बाकी बहुतेकांना पहिली. डोळ्यातला पांढरा ठिपका सगळ्यांना एकाच बाजूला, वर उजवीकडे. ठिपके वेगवेगळ्या दिशांना गेले तर नजर भरकटलेली वाटते.

बटणं लावली नाहीत. ३ वर्षांखालच्या मुलाच्या हातात जाणाऱ्या वस्तूवर सुटू शकणारं काहीही नको, आणि बटण दोऱ्याने कितीही पक्कं केलं तरी तो दोरा झिजतोच. भरीव टाका आणि गाठी टाका यांनी भागतं. १ वर्षाच्या आतल्या बाळाच्या झोपण्याच्या जागी तर गोधडीच ठेवू नये. जमिनीवर पसरून, कोणीतरी जवळ असताना खेळायला द्यावी.

१ फेब्रुवारी – छाटणी, रांगा, चौकट ओलांडणारे दोघे

मागचा कागद फाडला. फाडताना टाक्यांवर अंगठा दाबून धरायचा, नाहीतर दात ओढले जातात. चौकोन पालथे ठेवून मऊ टॉवेलवर इस्त्री, मग १२½ इंचांना छाटणी. मोजपट्टीची मध्यरेघ चौकोनाच्या मध्यावर ठेवायची, प्राण्याच्या मध्यावर नाही.

जोडताना सगळ्या शिवणी मधल्या पट्ट्यांकडे वळवल्या. चौकोनांच्या रांगेत शिवण पट्टीकडे, पट्ट्यांच्या रांगेतही शिवण पट्टीकडे. मग दोन रांगा समोरासमोर आल्यावर शिवणी आपोआप विरुद्ध दिशांना पडतात, सांध्यात एकमेकींत बसतात आणि कोपरे जुळतात. टाचणी सांध्याच्या दोन्ही बाजूंना लावावी, बरोबर सांध्यावर नाही.

जिराफ तिसऱ्या स्तंभात, दुसऱ्या आणि तिसऱ्या रांगेत. अंग खालच्या चौकोनात आधीच बसवलेलं, मानेचं टोक शिवणीच्या २ इंच आधी सोडलेलं. रांगा जोडल्यावर मान पट्टीवरून वर नेली आणि डोकं वरच्या चौकोनात बसवलं. मान जिथून जाते तिथल्या शिवणी अपवाद म्हणून उघडून दोन्ही बाजूंना सपाट केल्या, नाहीतर मानेवर आडव्या वळ्या उठतात. मानेचं कापड उभ्या धाग्यात कापलेलं हवं. उरेबात कापलेली मान इस्त्रीखाली लांबते आणि वाकते. अंगावरचे तपकिरी डाग एकमेकांपासून १/८ इंच अंतरावर. जिराफ ओळखू येतो तो त्या फिकट रेषांच्या जाळीमुळे, डागांमुळे नाही.

मांजर पहिल्या चौकोनात, शेजारी खेकडा. मांजराची शेपटी पट्टी ओलांडून खेकड्याच्या उघड्या नांगीत गेली. नांगीचा वरचा अर्धा भाग चिकटवायचा ठेवला होता, तो शेपटीवरून बसवला.

५ फेब्रुवारी – बॉर्डर आणि थर

बॉर्डर मापून लावायची. गोधडीच्या मध्यातून उभं माप घेतलं, ५८½ इंच, आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्या त्याच लांबीच्या कापल्या. मग आडवं माप, ५०½ इंच. कडेला लांब पट्टी धरून शिवत जाऊन शेवटी उरलेली कापली, तर कड ताणली जाते आणि गोधडीच्या कडा लाटा मारतात.

अस्तराचे ५८ इंचांचे दोन तुकडे. जोडण्याआधी किनार कापून टाकली, कारण किनारीची वीण घट्ट असते आणि धुतल्यावर ती वेगळी आटते. शिवण अर्ध्या इंचाची, उघडून इस्त्री केलेली.

अस्तर उलट बाजू वर ठेवून जमिनीला चिकटपट्टीने लावलं: सपाट, पण ताणून नाही. ताणलं तर चिकटपट्टी काढल्यावर ते परत आटतं आणि मागे चुण्या पडतात. त्यावर बॅटिंग, त्यावर वरचा थर. मध्यापासून बाहेर दर ४ इंचांवर सेफ्टी पिन, एकूण सुमारे २००. प्राण्यांच्या सुट्या भागांखाली पिन लावू नये, ती तिथे विसरली जाते.

८ ते १४ फेब्रुवारी – गोधडी घालणं

आधी वॉकिंग फूट (सगळे थर एकसारखे सरकवणारा दाबपाय) लावून मधल्या पट्ट्यांच्या कडेने, शिवणीच्या खाचेतून, मध्यापासून बाहेर. टाका ३ मिमी, सुई ९०/१४. यामुळे सगळे थर जागच्या जागी बसतात आणि मग प्रत्येक चौकोन स्वतंत्रपणे हाताळता येतो.

मग मशीनचे कापड सरकवणारे दात खाली करून, कापड हाताने फिरवत मोकळी टीप. प्रत्येक प्राण्याच्या कडेने १/८ इंच बाहेरून एक फेरी, त्यानंतर सुमारे अर्ध्या इंचाने दुसरी, तिसरी, पट्टीपर्यंत. अंतर मोजलं नाही आणि मोजू नये. फेऱ्या कमीजास्त अंतराच्या असल्या की पार्श्वभूमीत हालचाल दिसते. मोठ्या प्राण्यांच्या अंगातही टिपा लागतात. बॅटिंगच्या वेष्टनावर दोन टिपांमधलं कमाल अंतर दिलेलं असतं आणि ते पाळलं नाही तर धुण्यात बॅटिंगचे गोळे होतात. हत्तीच्या पोटावर सुरकुत्यांच्या चार रेघा घातल्या. हत्तीचा कान आणि पाणघोड्याचा जबडा वर दुमडून कागदी चिकटपट्टीने धरला, खालची टीप झाल्यावर सोडला.

खालच्या बाजूला वळणांवर दोऱ्याचे पापण्यांसारखे फास दिसले तर हात सुईपेक्षा वेगाने फिरतो आहे. वळणावर हाताचा वेग कमी करायचा, मशीनचा नाही. वर बॉबिनच्या, म्हणजे खालच्या, दोऱ्याचे ठिपके दिसले तर वरच्या दोऱ्याचा ताण जास्त आहे. दोन्ही गोष्टी त्याच कापडांच्या, त्याच बॅटिंगच्या १० इंची नमुन्यावर आधी बघायच्या.

साळिंदराचे काटे याच टप्प्यावर. अंग आधी लावलेलं, काटे मात्र फक्त टिपांचे: १२ नंबरचा जाड सुती दोरा, टॉपस्टिच सुई ९०/१४, टाका ३.५ मिमी, पाठीपासून बाहेर पार्श्वभूमीत पसरत गेलेल्या रेघा. एक आड एक काळा आणि पांढरा. दोऱ्याचे शेवट मागे न सोडता सुईने थरांच्या आत ओढून घेतले. इतक्या टोकांचं हे काम कंटाळवाणं आहे, पण उलटी टीप मारून कापलेल्या टोकांच्या गाठी काट्यांच्या मुळाशी ठळक दिसतात.

१७ फेब्रुवारी – गोट

कडा सरळ छाटून कोपरे काटकोनात केले. सात पट्ट्या ४५ अंशांच्या जोडाने जोडल्या. सरळ जोडाची सगळी जाडी एकाच जागी येते, तिरका जोड ती वाटून देतो. पट्टी लांबीत निम्मी दुमडून कच्च्या कडा गोधडीच्या कडेला लावून पुढून शिवली, कडेपासून ३/८ इंचावर. कोपऱ्याच्या ३/८ इंच आधी थांबायचं, पट्टी वर ४५ अंशांत दुमडायची, परत खाली घ्यायची, आणि वरच्या कडेपासून पुढची टीप सुरू. सुरुवात कोपऱ्याजवळ नाही, बाजूच्या मध्यावर. शेवटी दोन टोकं एकमेकांवर बरोबर २½ इंच, म्हणजे पट्टीच्या रुंदीइतकी, ठेवून कापली आणि तिरकी जोडली.

मागून हेमिंग हाताने. टाका अस्तर आणि बॅटिंगमधूनच जावा, पुढे येऊ नये.

१९ फेब्रुवारी – पहिलं धुणं

थंड पाणी, सौम्य साबण, रंग शोषणारा कागद सोबत. धुण्याआधी पाणघोड्याचा खिसा रिकामा असल्याची खात्री केली. मशीनमध्ये पिळणं हलकं, वाळवणं सावलीत आडवं पसरून, कारण ओली गोधडी दोरीवर टाकली की तिच्याच वजनाने एका बाजूला लांबते.

सुती बॅटिंग साधारण ३ टक्के आटली तर गोधडी ४८½ × ६२ इंचांच्या आसपास बसते आणि टिपांच्या मधला भाग फुगून मऊ सुरकुत्या पडतात. कडेचे टाके तपासले. खेकड्याच्या वरच्या नांगीची एक कड सुटत होती, तिथे इस्त्री न करता हाताने चार टाके घातले, कारण धुतल्यावर गोंद पुन्हा नीट धरत नाही. खवले थोडे वाकले होते. ओले असतानाच बोटांनी खाली दाबून वाळू दिले.

अस्तराच्या खालच्या कोपऱ्यात पट्टी लावली: कापड सुती, बॅटिंग सुती, खवले कृत्रिम फेल्ट, थंड पाण्यात धुवा, खवल्यांवर इस्त्री नको.